क्यू-कोडचा भिंतीवरचा तक्ता: छपाई झकास, मजकूर अर्धवट

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओच्या, परीक्षेला बसणाऱ्या भाच्यासाठी हा तक्ता ऑनलाइन मागवला, १८० रुपयांना. क्यू-कोड म्हणजे रेडिओवर अख्ख्या वाक्याऐवजी वापरायचे, ‘क्यू’ने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत. औशाच्या घरी रेडिओच्या टेबलामागे लावलाय. कागद जाड, अक्षर ठळक, लॅमिनेशन पक्कं. आमची खोली पत्र्याची, तरी उन्हाळ्यात कडा उचकटल्या नाहीत.

मजकुराचं मात्र काही खरं नाही. ‘क्यूआरएम’ आणि ‘क्यूआरएन’ दोन्हींपुढे नुसतं ‘अडथळा’ छापलंय. अहो, पोरांना शिकवायचं असतं ते हेच! क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनची ढवळाढवळ. ‘क्यूएसवाय’ (फ्रिक्वेन्सी बदला) म्हणून चार-पाच किलोहर्ट्झ सरकलं की बहुतेक वेळा भागतं. क्यूआरएन म्हणजे आभाळाची खरखर. मे महिन्यात वळवाचे ढग दाटले की ७ मेगाहर्ट्झवर असे कडाके बसतात, की समोरच्याचं कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनावसुद्धा तुटक येतं. तेव्हा थोडं इकडेतिकडे सरकून काही होत नाही. थांबायचं, नाहीतर बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा अख्खा पट्टाच बदलायचा.

प्रश्नाचं रूप तर तक्त्यात कुठेच नाही. मोर्समध्ये (टिंब-रेघांच्या लिपीत) ‘क्यूटीएच’पुढे प्रश्नचिन्ह ठोकलं की ‘तुम्ही कुठून बोलताय?’, आणि ‘क्यूटीएच औसा’ म्हटलं की उत्तर. १९१२च्या लंडन परिषदेत ही पद्धत जगभरासाठी मान्य झाली. एकमेकांची भाषा न येणाऱ्या जहाजांचंही त्यावर भागायचं.

सगळ्यात खटकलं ते ‘क्यूएसएल’पुढचं ‘ओके’. क्यूएसएल ही पोच आहे. निरोप पूर्ण उतरला तरच द्यायची. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, आमच्या भागातले निरोप हॅमवाल्यांनी रेडिओवरून पोचवलेत. अशा वेळी गावाचं नाव अर्धं ऐकून पोच दिली तर मदत भलतीकडेच जायची. म्हणून या एका ओळीबद्दल मी भाच्याला सूट देत नाही.

खाली पाव तक्ता अमेरिकी पोलिसांच्या ‘टेन-फोर’सारख्या कोडांनी अडवलाय. आपल्याला त्यांचं काय काम? त्या जागेत ‘७३’ (शुभेच्छा) बसलं असतं, जे निरोप घेताना रोज म्हणतो.

पाचपैकी तीन तारे. घेतलात तर या ओळींवर कोरी पट्टी चिकटवून दुरुस्ती लिहा, मगच पोरांच्या हाती द्या. सुधारून छापला तर गावातल्या शाळेसाठी मी स्वतः आणखी एक मागवणार.