आवडता गायक मंडपात ऐकावा की बैठकीत?

एकाच गायिकेचे गाणे एकाच हिवाळ्यात दोनदा ऐकण्याचा योग काही वर्षांपूर्वी मला आला. पहिल्यांदा ते एका मोठ्या महोत्सवाच्या मंडपात, हजारो श्रोत्यांमध्ये बसून ऐकले आणि त्यानंतर दीड महिन्याने जेमतेम सव्वाशे माणसे मावतील अशा खोलीतल्या बैठकीत. गायिकेचे नाव येथे मुद्दाम घेत नाही, कारण प्रश्न त्यांच्या गाण्याचा नसून आपण ते कोठे बसून ऐकतो याचा आहे. तेव्हापासून ओळखीच्या अनेकांनी मला विचारले आहे की, आवडता ख्यालगायक वर्षातून एकदाच प्रत्यक्ष ऐकता येणार असेल तर महोत्सव गाठावा की छोट्या बैठकीची वाट पाहावी. माझा कल कोठे आहे हे पुढे दिसेलच, तरीही दोन्ही बाजू जशा अनुभवल्या तशा मांडण्याचा प्रयत्न करतो.

मंडपाची बाजू आधी घेतो, कारण ती हलकी मुळीच नाही. गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशी यांनी १९५३ साली पुण्यात जो महोत्सव सुरू केला, त्याने मराठी श्रोत्यांच्या काही पिढ्यांचे कान घडवले, आणि तेथे एकदा जरी जाऊन आलेल्या माणसाला मंडपातल्या गाण्याची धुंदी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आलाप तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, उंबरठ्यावर रेंगाळत असताना हजारो माणसे एकाच वेळी श्वास रोखतात आणि षड्ज लागताच तो एकदम सोडतात, हा अनुभव सव्वाशे माणसांच्या खोलीत मिळणे शक्य नाही. शेजारची अनोळखी व्यक्ती आपल्याकडे वळून नुसती मान हलवते आणि तेवढ्याने ओळख होते. शिवाय आपण एका कलाकारासाठी गेलेलो असतो आणि परतताना भलत्याच कोणाचे तरी गाणे किंवा वादन डोक्यात घोळत असते. त्या हिवाळ्यात मीही गायिकेच्या आधी बसलेल्या एका तरुण सतारवादकाचे झाल्यावर थोडा वेळ मंडपाबाहेर उभा राहिलो होतो, कारण लगेच दुसरे काही ऐकण्याची मनाची तयारी नव्हती.

मंडपाच्या बाजूने आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे आणि ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही. जे महोत्सव दुपारी सुरू होतात, तेथे शुद्ध सारंग, भीमपलासी, मुलतानी हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळतात. बैठका बहुधा संध्याकाळी भरतात, त्यामुळे केवळ बैठकांना जाणाऱ्या श्रोत्याच्या वाट्याला पूरिया आणि यमन भरपूर येतात. मुलतानी मात्र वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रणातच राहतो. तसेच ध्वनिक्षेपकाला सरसकट दोष देण्याचेही कारण नाही. अमीर खाँसाहेबांसारख्या गायकाचे मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातले, संथ लयीतले आलाप मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचले, ते त्या यंत्रामुळेच.

वेळेच्या बाबतीत मात्र मंडपाचे पारडे हलके होऊ लागते. महोत्सवात एका कलाकाराला साधारण तास-सव्वा तास मिळतो. अतिविलंबित लयीत एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, कधीकधी मिनिटभर चालते, म्हणजे मोठ्या ख्यालाची बढत, म्हणजे सावकाश विस्तार, नीट करायची तर अर्धा तास केवळ त्यालाच हवा. मग द्रुत म्हणजे जलद लयीतला ख्याल, त्यानंतर एखादा जोडराग आणि शेवटी लोकांना हवे असलेले भजन किंवा अभंग. हे सगळे तासाभरात बसवताना कलाकाराची नजर घड्याळाकडे जाते आणि ती गेलेली आपल्याला दिसते. बैठकीत मध्यंतर धरून अडीच-तीन तास मिळतात आणि गायक रागात हवा तेवढा मुक्काम करू शकतो.

रात्रीच्या रागांचे तर गणितच बदलले आहे. पूर्वी महोत्सव रात्रभर चालत आणि पहाटेच्या रागांनी संपत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. राज्य सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते. लोकांच्या झोपेचा विचार करता हा नियम योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बंदिस्त सभागृहाला त्याच नियमात सूट आहे, आणि त्यामुळे मालकंस किंवा दरबारी त्यांच्या खऱ्या वेळेला ऐकायचे असतील तर श्रोत्याला चार भिंतींच्या आतच जावे लागते.

एवढे असूनही मी कदाचित मंडपालाच धरून राहिलो असतो. माझा निर्णय ज्या एका गोष्टीने झाला ती वरवर पाहता फार क्षुल्लक आहे आणि अनेकांना ती कधी खटकतही नसेल.

त्या महोत्सवात माझी जागा मंचापासून अंदाजे साठ मीटरवर होती. तेथून गायिका म्हणजे एक केशरी ठिपका दिसत होता, म्हणून सगळ्यांप्रमाणे मीही मंचाशेजारच्या मोठ्या पडद्याकडे बघत होतो. विलंबित ख्याल छान चालला होता आणि काहीही जाणवले नव्हते. द्रुत तीनताल सुरू झाला, लय वाढली, एक सपाट तान घेऊन त्या तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन, समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर आल्या, आणि मला तबल्याचा ‘धा’ आधी ऐकू आला. त्यांचा हात पडद्यावर समेला पडला तो त्यानंतर. डोळ्यांचा भास असेल असे प्रथम वाटले, पण पुढच्या आवर्तनालाही तेच झाले, आणि एकदा लक्षात आल्यावर ते विसरता येईना.

घरी येऊन हिशेब केला तेव्हा कारण उमगले. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र पडद्यावर येईपर्यंत थोडे मागे पडते. सेकंदाला २५ चित्रे धरली आणि आठ चित्रांचा उशीर झाला, तर तो सेकंदाच्या जवळपास तिसऱ्या भागाइतका होतो. त्यातून आवाजाला साठ मीटर यायला लागणारा वेळ वजा केला, तरी सेकंदाच्या जवळपास सातव्या भागाइतका उशीर उरतो. मिनिटाला २४० मात्रांची द्रुत लय असेल तर एक मात्रा पाव सेकंदाची, म्हणजे हा उशीर चांगला अर्ध्या मात्रेचा झाला. पडदा सोडून मंचाकडे बघितले तर उलटाच प्रकार होतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे साठ मीटरवर मंचावरचा आवाज सेकंदाच्या जवळजवळ सहाव्या भागाइतका उशिरा पोहोचतो आणि हात आधी पडलेला दिसतो. ध्वनिव्यवस्था सांभाळणारे जाणकार मागच्या बाजूच्या ध्वनिवर्धकांना मुद्दाम तेवढाच उशीर देतात, म्हणून निदान आवाजाचे दोन तुकडे होत नाहीत. पण डोळ्यांची आणि कानांची फारकत त्याने मिटत नाही. विलंबितात हे सगळे खपून जाते, कारण तेथे दोन मात्रांमध्ये काही सेकंदांची ऐसपैस जागा असते. द्रुतात सम म्हणजे एक टोक असते आणि त्याचे दोन भाग झाले की ती सम राहत नाही.

माझ्या शेजारी काका बसले होते. ते चाळीसहून अधिक वर्षे महोत्सव ऐकत आले आहेत. माझी चुळबुळ पाहून ते हळूच म्हणाले, “अरे, डोळे मिटून घे, म्हणजे सम जागेवर येईल.” मी डोळे मिटले आणि सम खरोखरच जागेवर आली. त्या रात्रीचे उरलेले गाणे मी तसेच ऐकले आणि ते उत्तमच होते. परंतु ज्यांना बघण्यासाठी महिनाभर आधी तिकीट काढून ठेवले, त्यांनाच न बघता ऐकायचे असेल तर घरच्या ध्वनिमुद्रणात आणि या मैफलीत नेमका फरक काय राहिला, हा प्रश्न परतीच्या वाटेवर मला काही केल्या सुटला नाही.

दीड महिन्यानंतरच्या बैठकीत मी तिसऱ्या रांगेत, गायिकेपासून चार-साडेचार मीटरवर बसलो होतो. ध्वनिक्षेपक होता, पण नावापुरता. मध्यंतर संपून सर्वजण पुन्हा बसले तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. त्यांनी तानपुरा मांडीवर आडवा घेतला आणि पहिल्या तारेचा पंचम उतरवून ती मध्यमात मिळवू लागल्या, तेव्हाच मागच्या बाजूने कोणीतरी “मालकंस” असे पुटपुटले. खुंटी फिरवून झाल्यावर त्यांनी तारेवरचा मणी नखाने केसभर सरकवला, तारेखालचे जवारीचे सूत किंचित हलवले, पुन्हा छेडून पाहिले आणि मागे बसलेल्या शिष्येला म्हणाल्या, “जोडीची तार उतरली आहे गं, बघ जरा.” या सगळ्यात सात-आठ मिनिटे गेली. मंडपात एवढा वेळ गेला असता तर लोक बोलू लागले असते. येथे सारी खोली त्यांच्याबरोबर तानपुरा लावत होती आणि तारा जुळल्या तो क्षण सर्वांना एकदमच कळला.

पुढे काय झाले ते सांगताना मी तटस्थ राहू शकत नाही. मध्य सप्तकातून वर जाताना तार षड्जावर त्यांचा आवाज किंचित फाटला. त्यांनी तो लपवला नाही, तेथेच सोडला, घोटभर कोमट पाणी घेतले, पुन्हा कोमल धैवतावर उतरून कोमल निषादाला हलका स्पर्श करीत वर आल्या, आणि या वेळी लागलेला षड्ज इतका भरीव होता की तबलजींचा हात क्षणभर हवेतच राहिला. मंडपात माझ्या जागेवरून मला तो फाटलेला स्वर बहुधा कळलाच नसता, आणि म्हणून दुसऱ्या वेळी लागलेल्या षड्जाचे मोलही कळले नसते. नंतरच्या द्रुतात त्यांची तर्जनी, तबल्याचा ‘धा’ आणि माझ्या गुडघ्यावरचा माझा तळवा हे तिन्ही एकाच जागी येत होते. प्रत्येक आवर्तनाला ते होत होते आणि प्रत्येक वेळी मला तितकाच आनंद होत होता.

बैठकीच्या उणिवाही सांगायला हव्यात. जमिनीवर तीन तास मांडी घालून बसणे सर्वांना जमत नाही. खुर्च्या बहुधा मागे आणि मोजक्याच असतात. कार्यक्रम मनाला लागला नाही तर मधूनच उठून जाणे अवघड, कारण गायक आपल्याला बघत असतो. खोकल्याची उबळ आली तर अख्ख्या खोलीला ऐकू जाते. बैठकांची माहितीही जाहिरातीतून क्वचितच मिळते. ती एकमेकांच्या सांगण्यातून फिरते, त्यामुळे एखाद्या छोट्या संगीत मंडळाचे सभासद झाल्याशिवाय त्या हाती लागणे कठीण जाते. आणि एक उणीव मनाची आहे. ज्याने वर्षानुवर्षे एखाद्या गायकाला केवळ निर्दोष ध्वनिमुद्रणांतून ऐकले आहे, त्याला चार मीटरवरून त्याच गायकाचा थकवा, घशातली खरखर आणि कपाळावरचा घाम दिसणे कदाचित नकोसे वाटेल. अशा श्रोत्याने मंडपात जावे हे मी अगदी मनापासून सांगेन, कारण तेथे त्याचा गायक त्याच्या मनातल्या मूर्तीसारखाच राहतो.

ज्याने आजवर शास्त्रीय गाणे प्रत्यक्ष कधी ऐकलेलेच नाही, त्यानेही पहिल्यांदा महोत्सवालाच जावे असे मला वाटते. चार कलाकारांपैकी एखादा तरी त्याला धरून ठेवेल. लहान मुलांना घेऊन जायचे असेल तरीही मंडपच बरा. पण आवड आधीच ठरलेली आहे, गायक ठरलेला आहे आणि निवड फक्त जागेची आहे, अशी स्थिती असेल तर सहा महिने थांबावे लागले तरी थांबून बैठक गाठावी, असा माझा नम्र सल्ला राहील. बसताना शक्यतो पेटीच्या बाजूला, जरा तिरपे बसावे. तबला बहुधा गायकाच्या उजव्या हाताला असतो, त्यामुळे तेथून गायकाचा हात आणि तबलजींचा चेहरा एकाच नजरेत येतात, आणि बायाची, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याची, घुमही अंगावर येत नाही.

मंडप मी पूर्णपणे सोडलेला नाही. मुलतानीसाठी दुपारच्या सत्राला अजूनही जातो, काका बरोबर असतातच, आणि आम्ही दोघे मंडपाच्या एखाद्या जाड खांबाआडची, पडदा अजिबात दिसणार नाही अशी जागा आधी जाऊन धरतो.