हॉकियन बोलणारा सॉलेमनायझर आणि आमचे ८६४ डॉलर

सिंगापुरात ज्यांच्या घरी लग्न ठरलंय त्यांनी हे वाचा, समोरचं घर चायनीज असेल तर नक्कीच. आमचे ८६४ डॉलर गेले, रुपयांत पन्नास हजारांच्या वर, आणि व्याह्यांसमोर मान खाली गेली ती वेगळीच.

मुलीचं लग्न, जावई इथला सिटिझन. त्याची आजी, आ-मा म्हणतात सगळे तिला, हॉकियन, म्हणजे चिनी लोकांची एक बोली, ती सोडून काही बोलत नाही. इथे बऱ्याच घरांत हेच चित्र आहे, १९७९ पासून सरकारने मँडरिन बोला म्हणून मोहीम चालवली, नातवंडं मँडरिन-इंग्लिशवर वाढली आणि आज्या एकट्या पडल्या. मंगलाष्टकांचे गुरुजी आमचे ठरलेले होते, पण कायद्याने लग्न लावणारा सॉलेमनायझर हॉकियन बोलणारा पाहिजे ही आ-माची इच्छा, आणि मला ती शंभर टक्के पटली. नातू काय शपथ घेतोय ते म्हातारीला कळायला नको का?

एका वेडिंग ग्रुपवर मुलीने विचारलं तर अर्ध्या तासात मेसेज. मीच लायसन्सवाला सॉलेमनायझर, हॉकियन, तिओच्यू (तीही एक चिनी बोली), इंग्लिश सगळं करतो. चेक न करता पैसे दिले असं कृपया कोणी म्हणू नका. सरकारी लग्न-नोंदणीच्या, म्हणजे रजिस्ट्रीच्या वेबसाइटवर सॉलेमनायझरांची यादी असते, त्यात ते नाव होतं, भाषांमध्ये हॉकियन होतं. नाव खरंच होतं हो, माणूस दुसरा होता! दुसऱ्याचं नाव उचलून हा आपला नंबर देत फिरत होता.

व्हिडिओ कॉलवर आला तेव्हा कॅमेरा अंधुक, चेहरा नीट दिसेना, नेट स्लो आहे म्हणाला. पण आ-माला त्याने पहिलंच विचारलं, 'जिआ पा बुए', जेवलात का, आणि तिचा चेहरा असा खुलला की पुढचा अर्धा तास ती फोन सोडेना. त्याच्या गावचं, तिच्या गावचं, सगळं निघालं. त्यानंतर त्या घरात या माणसावर शंका घ्यायची कोणाची टाप होती सांगा. परक्या घरातली मी, मी काय बोलणार?

पैसे असे गेले: तारीख धरायला १८८, मग दोन भाषांत विधी म्हणून ३८८, मग लायसन्स प्रोसेसिंगचे २८८. सगळीकडे आठ, शुभ आकडा, त्यामुळे विहीणबाईंनाही वावगं वाटलं नाही. आणि आता जे सांगते ते नीट वाचा. पेनाऊ (इथलं मोबाइल नंबरवर पैसे पाठवायचं साधन) करताना कन्फर्म दाबायच्या आधी समोरच्याचं नाव दिसतं. ३८८ पाठवताना मी स्वतः मुलीच्या शेजारी बसलेले, आणि स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. मुलगी थांबली पण. तिने विचारलं, उत्तर आलं मिसेसचं अकाउंट आहे, आणि मीच म्हटलं अगं असेल, आपल्याकडेही बायकोच्या खात्यावर घेतात. तेच नाव आजही डोळ्यांसमोरून जात नाही. तिथे थांबलो असतो तर १८८ वर निभावलं असतं. नाव जुळत नसेल तर कन्फर्म दाबू नका, कारण काहीही सांगू दे.

फुटलं कसं, तर रजिस्ट्रीत लग्नाची नोटीस भरायची वेळ आली. लग्नाच्या किमान २१ दिवस आधी नोटीस लागते, आणि हा त्याचे डिटेल्स देईना, उद्या देतो, आजारी आहे, बाहेरगावी आहे. शेवटी मुलीने यादीतल्या नंबरवर फोन लावला. ते खरे गृहस्थ हबकलेच. म्हणाले मी फी घेतच नाही. हे आम्हाला आधी कोणी का सांगितलं नाही! सॉलेमनायझर हे काम मानद म्हणून करतात, तुम्ही खुशीने आंग पाव, म्हणजे लाल पाकिटातला आहेर, द्याल तो द्याल. एक जण सिटिझन किंवा पीआर (कायमचा रहिवासी) असेल तर सरकारी फी ४२ डॉलर. चार्ज मागणारा दिसला की तिथेच फोन ठेवा.

आता तक्रारीचं ऐका. बँक म्हणे पैसे तुम्ही स्वतः ऑथराइज केलेत, आम्ही काही करू शकत नाही. अहो, फसवलेला माणूस स्वतःच पैसे देतो, म्हणून तर त्याला फसवणूक म्हणतात! पोलिसांत रिपोर्ट दिला, तिथल्या माणसाने आधी विचारलं सर्व्हिसवरून वाद आहे का, मग स्मॉल क्लेम्सला, छोट्या रकमांच्या कोर्टात, जा. स्मॉल क्लेम्समध्ये २०,००० डॉलरपर्यंतचे दावे चालतात, पण दावा लावायचा कोणावर? नाव चोरीचं, पत्ता नाही. खातं कोणाचं ते बँकेला माहीत, बँक सांगणार नाही. परत पोलिसांकडे गेलो तर नवीन माणूस, परत पहिल्यापासून सगळं सांगा. स्क्रीनशॉट दिले, कॉलच्या वेळा दिल्या, खात्याचं नाव दिलं, अजून काय हाताला धरून आणून द्यायचं? केस ओपन आहे एवढंच उत्तर मिळतं.

चॅट डिलीट करू नका, समोरच्याने मेसेज पुसायच्या आत स्क्रीनशॉट काढा, आमचे अर्धे त्याने पुसले. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांशी त्याचं बोलणं करून देण्याआधी यादीतल्या नंबरवरून खात्री करा, त्यांना माणूस आवडला की मग कोणी तपासत नाही.

लग्न त्या खऱ्या गृहस्थांनीच लावलं, शपथा हॉकियन आणि इंग्लिश दोन्हींत झाल्या. त्या भामट्याचा नंबर अजून चालू आहे, डीपी बदललाय, परवा दुसऱ्या ग्रुपवर कँटोनीज सॉलेमनायझर म्हणून त्याचीच जाहिरात दिसली, खाली दोन जणांनी रेट विचारलाय. त्या दोघांना मी मेसेज केलाय, अजून रिप्लाय नाही.