एनसीडीयू : भरलेल्या डिस्कचा हिशेब लावणारे साधन, आणि त्याच्या मर्यादा

एनसीडीयू हे लिनक्सवर कोणत्या फोल्डरने किती जागा अडवली आहे ते दाखवणारे मोफत साधन आहे. योरान हेलिंग यांनी ते २००७ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केले. यवतमाळ जिल्ह्यात वणीकडच्या एका जिनिंगचा उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) चालणारा सर्व्हर माझ्याकडे देखभालीला आहे. काट्याच्या पावत्या, वजनाच्या वेळी काढलेली गाड्यांची छायाचित्रे आणि हिशेबाचा डेटाबेस हे सारे त्याच एका यंत्रावर असल्यामुळे हंगामात त्याची डिस्क भरली, तर पावती निघणे थांबते आणि फाटकाबाहेर कापसाच्या मेटॅडोर व ट्रॅक्टरची रांग लागते. अशा ठिकाणी हे साधन किती उपयोगी पडते आणि कुठे अपुरे ठरते, हे मी अनुभवातून लिहीत आहे.

त्याचा पहिला मोठा गुण म्हणजे ते साध्या टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त अक्षरांच्या खिडकीत, चालते. आमच्याकडे सर्व्हरशी दुरून जोडणी करायची ती बहुधा मोबाइलच्या नेटवर्कवरून, आणि पावसाळी हवेत ती केव्हा तुटेल याचा भरवसा नसतो. त्यामुळे ‘-ओ’ पर्याय देऊन रात्री सर्व्हरवरच मोजणी करून घ्यावी, तयार झालेली फाइल आकुंचित करून आपल्या संगणकावर आणावी आणि ‘-एफ’ पर्यायाने ती निवांत उघडून पाहावी, ही सोय मला फार मोलाची वाटते. उघडल्यावर सर्वांत मोठे फोल्डर वर असते. बाणाच्या कळांनी आत उतरत गेले, की दोषी फाइल सहसा लवकर सापडते.

मात्र सर्वांत अवघड प्रसंग येतो तो फाइल सापडतच नाही तेव्हा. गेल्या हंगामात डिस्कवरची शिल्लक दाखवणारी डीएफ आज्ञा सांगत होती की मूळ विभाजन (प्रणाली बसवलेला डिस्कचा भाग) २०० जीबीचे आहे, १९० जीबी वापरात आहे आणि शिल्लक शून्य आहे. एनसीडीयूची त्याच विभाजनापुरती बेरीज मात्र जेमतेम ८४ जीबी होत होती. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. डीएफ थेट फाइल प्रणालीला (डिस्कवरच्या फायलींची मांडणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेला) विचारते की किती खण (जागेचे तुकडे) व्यापलेले आहेत. एनसीडीयू आणि तशीच मोजणी करणारी डीयू आज्ञा मात्र एकेक फोल्डर उघडून, नाव असलेल्या फायलींची बेरीज करतात. म्हणून ज्या जागेला नाव उरलेले नाही किंवा जिच्यापर्यंत वाट जात नाही, ती एनसीडीयूला दिसूच शकत नाही, आणि निदानाची सुरुवात या दोन आकड्यांमधल्या फरकापासून करावी लागते.

शिल्लक शून्य दाखवणारे १० जीबी लगेच उलगडले, कारण एक्स्ट४ फाइल प्रणाली तयार होताना नेहमीच्या मांडणीत ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी, राखून ठेवते. डेटाच्या स्वतंत्र डिस्कवर ट्यून२एफएस या आज्ञेने हे प्रमाण १ टक्क्यावर आणायला हरकत नाही, परंतु मूळ विभाजनावर ती राखीव जागा मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे, नाव पुसलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फायली दाखवणारी ‘एलएसओएफ +एल१’ ही आज्ञा दिल्यावर ३८ जीबीची एक लॉग (प्रोग्रामच्या नोंदींची) फाइल समोर आली. यादीत तिच्या नावाच्या शेवटी ‘डिलीटेड’ असा शेरा होता. काट्याच्या प्रोग्रामने ती उघडी धरून ठेवली होती. आणि फाइलचे नाव पुसले गेले, तरी जोवर कोणतीही प्रक्रिया (चालू प्रोग्राम) ती धरून आहे, तोवर कर्नल (प्रणालीचा गाभा) तिची जागा मोकळी करत नाही. सेवा पुन्हा सुरू करणे हा सरळ उपाय असला, तरी गाडी काट्यावर उभी असताना तो करता येत नव्हता, म्हणून चालू प्रक्रियांची माहिती असणाऱ्या प्रॉक फोल्डरातील त्या प्रक्रियेच्या एफडी दुव्यातून (उघड्या फाइलकडे नेणाऱ्या वाटेतून) फाइल रिकामी केली आणि वजन न थांबता जागा सुटली.

उरलेल्या ६८ जीबींचे मूळ आमच्या विजेत होते. बॅकअपची बाहेरची डिस्क एका रिकाम्या फोल्डरवर माउंट होते (जोडली जाऊन तिथे दिसते), आणि कोणत्या डिस्क जोडायच्या ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये ‘नोफेल’ लिहिलेले असल्यामुळे ती डिस्क न सापडली तरी सर्व्हर सुरू होतो. वीज जाऊन परत आल्यावर डिस्क जोडली गेली नाही, रात्रीचा आरसिंक (प्रती काढणारा प्रोग्राम) नेमाने चालत राहिला आणि साऱ्या प्रती मूळ विभाजनावरच्या त्याच फोल्डरात साचल्या. पुढे डिस्क पुन्हा जोडली गेली, तशा त्या प्रती तिच्याखाली झाकल्या गेल्या. मूळ विभाजन दुसऱ्या जागी बाइंड माउंट करून (म्हणजे वर जोडलेल्या डिस्कशिवाय दिसेल असे आणखी एका फोल्डरवर जोडून) तिथे एनसीडीयू चालवले, तेव्हा ते फोल्डर यादीत सर्वांत वर दिसले. आता बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये आधी ‘माउंटपॉइंट’ आज्ञेने खात्री केली जाते आणि डिस्क जागेवर नसेल तर काम तिथेच थांबते. जिथे वीज वरचेवर जाते, तिथल्या प्रत्येक सर्व्हरवर ही एक ओळ असायलाच हवी.

एनसीडीयूतल्या दोन कळा पुरेशा वापरल्या जात नाहीत. ‘ए’ दाबल्यावर प्रत्यक्ष व्यापलेल्या जागेऐवजी फाइलचा दर्शनी आकार दिसतो, आणि विरळ (आतली रिकामी जागा डिस्कवर न घेणाऱ्या) फायलींचा घोळ तिथेच उकलतो. आभासी यंत्रांच्या डिस्क फायली दर्शनी आकारात अवाढव्य असून प्रत्यक्षात थोडीच जागा घेतात. ‘सी’ कळ प्रत्येक फोल्डरातील नोंदींची संख्या दाखवते. काट्याच्या छोट्या छायाचित्रांसारख्या असंख्य फायली साचल्या, की जीबी शिल्लक असूनही आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपतात आणि ‘जागा नाही’ अशी सूचना येते. त्या वेळी ‘डीएफ -आय’ने खात्री करून याच कळेने दोषी फोल्डर गाठता येते.

वापरताना ते सुडोनेच (रूटच्या अधिकाराने) चालवावे. नाहीतर न उघडलेल्या फोल्डरांपुढे उद्गारचिन्ह येते आणि बेरीज गुपचूप कमी भरते. ही सूचना अधिक ठळक हवी होती, ही माझी खरी तक्रार आहे. ‘-एक्स’ दिल्याशिवाय मोजणी करू नये, कारण मग जोडलेल्या डिस्कही त्याच बेरजेत मिसळतात. ‘डी’ कळ फाइल पुसते. ती आधी विचारते हे खरे, तरी दिवाणजींना किंवा नव्या मुलाला नुसते पाहण्यासाठी द्यायचे असेल, तर ‘-आर’ लावून द्यावे म्हणजे पुसण्याची सोयच बंद राहते. २०२२ च्या आरंभी आलेली दुसरी आवृत्ती झिग या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलेली असून ती कमी मेमरी घेते, त्यामुळे लाखो छायाचित्रे असलेल्या जुन्या यंत्रावर तीच बसवावी. इतर ठिकाणी उबुंटूच्या भांडारातून जी आवृत्ती मिळेल ती पुरते.