ब्रिज ॲपचं ‘नेटवर्क शुल्क’ आणि त्यात दडवलेला दीड डॉलर

काही महिने वापरून झाल्यावर लिहितोय, आणि सपोर्टशी जुंपली म्हणून लिहितोय. ॲपचं नाव देत नाही, कारण ही खोड बऱ्याच ॲपना असू शकते.

माझं काम सांगलीतून चालतं, क्लायंट बाहेरचे. पैसे यूएसडीसीत (एक नाणं म्हणजे एक डॉलर असं क्रिप्टो), बेस नावाच्या ब्लॉकचेनवर येतात. मी जिथे विकतो त्या एक्स्चेंजला ते पॉलिगॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनवर लागतात. म्हणजे ब्रिज करणं, एका चेनवरून दुसरीवर नेणं, आलंच.

मूळ यंत्रणेबद्दल तक्रार शून्य. ॲपमागे आहे सीसीटीपी, म्हणजे यूएसडीसी काढणाऱ्या सर्कल कंपनीचीच हस्तांतराची सोय. तीत इकडे यूएसडीसी जाळले (कायमचे रद्द केले) जातात, तिकडे तेवढेच नवे तयार होतात. मध्ये कुणाचा नाण्यांचा साठा (पूल) नाही, म्हणून स्लिपेज, म्हणजे अदलाबदलीत दरात होणारी घट, नाही. घाई नसेल तर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. फास्ट निवडलं तर काही सेकंदांत काम होतं, त्याचं शुल्क नगण्य.

खटकलं ते असं. १०० यूएसडीसी पाठवताना वॉलेटने १०१.५० ची मंजुरी मागितली. ॲपवर एकच ओळ, ‘नेटवर्क शुल्क’. बेसवर गॅसला, म्हणजे खऱ्या नेटवर्क शुल्काला, इतके पैसे लागतच नाहीत, आणि तो कापला जातो ईथ या वेगळ्या नाण्यात. बेसवरचे व्यवहार दाखवणाऱ्या बेसस्कॅन साइटवर माझा व्यवहार उघडला, तर १०० जळालेले आणि दीड यूएसडीसी एका तिसऱ्याच पत्त्यावर गेलेले. सपोर्टचं उत्तर आलं, ‘शुल्क नेटवर्क ठरवतं, आमच्या हातात नाही.’ साफ खोटं. असं वरून लावलेलं (कस्टम) शुल्क किती घ्यायचं आणि कोणत्या पत्त्यावर घ्यायचं, हे ॲप बनवणाराच ठरवतो. व्यवहाराची लिंक आणि तो पत्ता पाठवल्यावर दुसऱ्या माणसाने मान्य केलं की शुल्क त्यांचंच आहे.

त्याच मेलमध्ये एक गोष्ट कळली आणि माझा राग निम्मा उतरला. पॉलिगॉनवर नाणी उतरवून घ्यायला गॅस म्हणून तिथलं नाणं, पीओएल, लागतं. माझ्याकडे ते कधीच नव्हतं, तरी काम अडलं नाही, कारण तिकडचा गॅस हेच ॲप भरत होतं. ही खरी सेवा आहे. तिचे पैसे घ्या, मी खुशीने देईन.

पण वेगळ्या ओळीत दाखवून घ्या. आमच्या मार्केट यार्डात हळदीची पट्टी होते तेव्हा हमाली वेगळी, तोलाई वेगळी लिहिलेली असते. शेतकरी ती ओळ न् ओळ वाचतो आणि पटलं नाही तर तिथंच विचारतो. इथे विचारायला जागाच ठेवलेली नाही. शिवाय आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर, आणि खरेदी किंमत सोडून दुसरा कुठलाच खर्च वजा होत नाही. विकताना १ टक्का टीडीएस वेगळाच. म्हणजे असा प्रत्येक दीड डॉलर थेट खिशातून जातो.

दुसरं म्हणजे शुल्क ठोक आहे. हजारावर दीड कुणाला जाणवणार नाही. शंभरावर तो दीड टक्का होतो. लहान कामं करणाऱ्यालाच जास्त फटका. टक्केवारी लावून किमान रक्कम कमी ठेवली असती तर माझी काही हरकत नव्हती.

नव्या आवृत्तीत ‘सेवा शुल्क’ अशी वेगळी ओळ आली आहे, पण ‘तपशील’ दाबल्यावरच दिसते. म्हणून पाचपैकी तीनच तारे. ती ओळ मुख्य स्क्रीनवर आली की चौथा देईन. वापर चालू ठेवलाय, फक्त आता आठवड्याचे पैसे साठवून महिन्याला एकदाच पाठवतो. तुम्हीही मंजुरी देण्याआधी वॉलेटमधला आकडा आणि पाठवायची रक्कम ताडून बघा. दोन्हींत फरक दिसला तर आधी सपोर्टला लेखी विचारा, मगच सही करा.