मायग्रेनसाठी कायरोप्रॅक्टर: वर्षभर जाऊन आल्यावर

कायरोप्रॅक्टर म्हणजे मणके आणि सांध्यांवर हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करणारा. निकाल आधीच सांगते: मान मोकळी झाली, अर्धशिशी गेली नाही. तरी मी अजून अधूनमधून जाते. आमच्याकडच्या मराठी मंडळींत हा विषय सारखा निघतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही इलिनॉयमध्ये मोलिनला राहतो. नवरा जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीत. मिसिसिपीवरचा पूल ओलांडला की जवळच आयोवातलं डॅव्हनपोर्ट. कायरोप्रॅक्टिकचा जन्मच तिथला. १८९५ साली डी. डी. पामर यांनी तिथे मणक्याला हाताने झटका देऊन पहिली अ‍ॅडजस्टमेंट केली आणि त्यांच्या नावाचं कॉलेज आजही तिथे आहे. त्यामुळे या भागात डोकं दुखतंय म्हटलं, की समोरचा सहज एखाद्या कायरोप्रॅक्टरचं नाव सुचवतो.

माझी अर्धशिशी कॉलेजपासूनची. डावं कानशील ठणकायला लागतं, उजेड सोसत नाही, फोडणीच्या वासानेसुद्धा ढवळून येतं. आणि दुखणं सुरू व्हायच्या आधी मान हमखास आखडते.

पहिल्या क्लिनिकमध्ये माझं पुरतं ऐकून घ्यायच्या आधीच एक्स-रे काढला. मणके जागेवरून सरकलेत, त्यानेच मायग्रेन होतं असं सांगितलं आणि वर्षभराच्या पॅकेजचा कागद पुढे केला. मी सही केली नाही. मणका असा ‘सरकल्याने’ मायग्रेन होतं याला पुरावा नाही, आणि त्या भीतीवर आगाऊ पैसे घेणं मला अजिबात पटत नाही.

दुसरी डॉक्टर मात्र फार चांगली भेटली. तिने आधी बीपी पाहिलं. डोळ्यांपुढे चमकतं का, हाताला मुंग्या येतात का, हे दुखणं नेहमीसारखंच आहे की वेगळं, असं खोदून विचारलं. मग मला पालथं झोपवलं. टेबलाला चेहऱ्यासाठी भोक असतं, त्यावर कागद अंथरलेला. कवटी जिथे मानेला मिळते तिथल्या खोबणीत तिने दोन्ही अंगठे रोवले आणि नुसती दाबून धरली. आधी कळ थेट डोळ्यामागे गेली, मग हळूहळू खांदे खाली आले. पाठीला झटका देताना कडकन आवाज येतो. तो हाडाचा नसतो. सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, त्याचा असतो. मान पिळून झटका द्यायला मी नको म्हटलं आणि तिने ते लगेच मान्य केलं. आईने पुण्याहून फोनवर बजावलं होतंच, ‘मानेला हात लावू देऊ नकोस गं!’

आईची भीती निराधार नाही. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचा आतला थर फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. प्रमाण खूप कमी आहे, पण मुळात फाटलेल्या धमनीनेही मान आणि डोकंच दुखतं, म्हणून नव्या, अनोळखी दुखण्यावर झटका घेऊच नये.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत डोकेदुखीचे दिवस कमी झाले. मी खूश होते. मग नॉर्वेतल्या चाचणीबद्दल वाचलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली, मायग्रेनच्या १०४ रुग्णांवरची. काहींना खरी अ‍ॅडजस्टमेंट, काहींना खोटी, काहींना फक्त नेहमीची औषधं. खऱ्या आणि खोट्या उपचाराने जवळपास सारखाच आराम पडला. म्हणजे फरक पडतो, पण तो झटक्यामुळे पडतो असं दिसत नाही. माझ्या अनुभवाशी हे अगदी जुळतं, कारण पानगळीच्या सुमाराला अ‍ॅटॅक पुन्हा पूर्वीसारखे यायला लागले, आणि तेव्हा माझी एकही अपॉइंटमेंट चुकलेली नव्हती.

मानेचं कोडं न्यूरॉलॉजिस्टने उलगडलं. मानेच्या वरच्या मणक्यांतल्या नसा आणि चेहऱ्याची मोठी नस मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात. म्हणून मायग्रेनमध्ये मान दुखते. बऱ्याचदा ती अ‍ॅटॅकचीच सुरुवात असते. डोकेदुखी मानेतूनच निघते असाही एक प्रकार आहे, पण तो वेगळा. त्यात मानेवरच्या हातउपचारांचा उपयोग होऊ शकतो.

डोकेदुखीची वही ठेवायला त्यांनीच लावलं. ट्रिप्टन, म्हणजे मायग्रेन उठल्यावर घ्यायची गोळी, महिन्यात दहा किंवा जास्त दिवस घेतली, तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागू शकतं, हे प्रत्येक मायग्रेनवाल्याला ठाऊक हवं. मला प्रोप्रानोलॉल हे मायग्रेन टाळण्यासाठी रोज घ्यायचं औषध सुरू केलं. दमा असणाऱ्यांना ते चालत नाही, त्यांच्यासाठी दुसरे पर्याय आहेत. हिवाळा संपेपर्यंत अ‍ॅटॅक निम्म्याच्या आसपास आले आणि या वेळी ते तिथेच टिकलेत.

कायरोप्रॅक्टरकडे आता महिन्यातून एकदा जाते, फक्त मान आणि खांद्यांसाठी. दिवसभर लॅपटॉपवर काम करणाऱ्या बाईला तेवढा आराम मोलाचा आहे. जाणार असाल तर तुमचा इन्शुरन्स वर्षाला किती व्हिजिट्स देतो ते आधी फोन करून विचारा, आणि आगाऊ पॅकेज घेऊ नका. मानेवर उपचार घेतल्यावर चक्कर आली, एकाची दोन माणसं दिसली, जीभ अडखळली किंवा पापणी ओघळली, तर त्याच क्लिनिकला फोन करत बसू नका. सरळ ९११ हा इथला आपत्कालीन नंबर लावा.