फायब्रोस्कॅन दोनदा केला: पैसे वसूल, पण डोकं फिरवलं ते एका कोडने

मशीन बरगड्यांवर कसं टकटक करतं, किती मिनिटं लागतात हे सगळीकडे लिहिलेलं आहे. फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत किती कडक झालंय आणि त्यात किती चरबी आहे हे बाहेरूनच मोजणारी तपासणी. मी नऊ महिन्यांतल्या दोन स्कॅनबद्दल लिहितोय. त्याआधी मात्र 'के ७०.०' हा आजाराचा कोड.

गेल्या वर्षी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. खडे दिसले त्याच सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड २', म्हणजे यकृतात चरबी, आलं होतं. क्लेम लावला, तर पंधरा दिवसांनी टीपीएचं (विम्याचे क्लेम तपासणाऱ्या संस्थेचं) पत्र: रुग्णाच्या मद्यपानाचा पूर्वेतिहास कळवावा. विसाव्या वर्षापासून माझ्या गळ्यात माळ आहे हो! चातुर्मासात आमच्या घरात कांदा शिजत नाही.

डिस्चार्ज कार्ड काढून बघितलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात के ७०.०. म्हणजे दारूमुळे झालेलं फॅटी लिव्हर. माझं के ७६.० हवं होतं, म्हणजे दारूशी संबंध नसलेलं. डॉक्टरांनी कागदावर बरोबर लिहिलेलं, पण संगणकात भरणाऱ्या मुलाने चुकीचं निवडलं. तो शांतपणे म्हणाला, "काका, फॅटी लिव्हर टाकलं की लिस्टमध्ये तेच पहिलं येतं." पहिलं येतं म्हणून मी दारुडा! तीन हेलपाटे, डॉक्टरांचं लेटरहेडवर पत्र, झेरॉक्स, रिक्षा. पैसे आले सात आठवड्यांनी. तेव्हा घरी जायच्या घाईत असलात तरी डिस्चार्ज कार्डावरचा कोड वाचल्याशिवाय काउंटर सोडू नका.

गंमत म्हणजे २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी या आजाराचं नावच बदललं. 'नॉन-अल्कोहोलिक' गेलं, चयापचयाच्या बिघाडावरून 'एमएएसएलडी' आलं. नावातून दारू गेली, माझ्या कार्डावर मात्र तेवढीच उरली.

आता स्कॅन. पहिल्यांदा साडेतीन हजार मोजले. शिवाय एक फेरी फुकट गेली, कारण आधी तीन तास काही खायचं नसतं हे फोनवर कोणी सांगितलंच नाही आणि मी मिसळ खाऊन पोचलो. आकडे आले ६.१ केपीए आणि कॅप ३१२. केपीए म्हणजे यकृताचा कडकपणा. तो आठच्या खाली असला की सहसा काळजी नसते. कॅप म्हणजे चरबी, ती भरपूर.

मग कळलं की यकृत कडक झालं असण्याची शक्यता रक्ताच्या रिपोर्टवरून सांगणारा एफआयबी-४ नावाचा साधा हिशोब असतो. (वय गुणिले एएसटी) भागिले (प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ). एएसटी आणि एएलटी ही रक्तात मोजली जाणारी यकृताची एन्झाइम्स. माझं वय ४९, एएसटी ४८, एएलटी ६४, प्लेटलेट २४० (म्हणजे दोन लाख चाळीस हजार). उत्तर १.२२. १.३ च्या खाली असेल तर सहसा स्कॅनची घाई नसते. सगळे आकडे ऑपरेशनच्या फायलीत पडून होते! तेव्हा इथे लिहिलं असतं तर स्कॅनला एकच तारा दिला असता.

पण मत बदललं. 'ग्रेड २' वाचून मी काहीही केलं नव्हतं, ३१२ मात्र डोक्यात बसला. डॉक्टरांकडे लिव्हर टॉनिक मागितलं तर ते हसले आणि वजनाचा काटा दाखवला. ८४ किलो. सात टक्के तरी उतरवा म्हणाले, म्हणजे सहा किलो. मी म्हटलं, मांस नाही, दारू नाही, एकादशीला उपवास, कमी काय करू? हिने डॉक्टरांसमोरच उपवासाचा मेनू वाचला: तुपातली साबुदाणा खिचडी, बटाट्याचा कीस, वर शेंगदाण्याचा लाडू. आणि रोजचे सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर. घरी येऊन हिशोब केला, माझ्या एकट्याच्या चहात महिन्याला पावणेदोन किलो साखर जात होती. आता दोनच चहा, बिनसाखरेचे. पहिला आठवडा फार वाईट गेला. एकादशीला ताक आणि एखादं फळ. संध्याकाळी कॅनॉलच्या कडेने पाऊण तास चालतो.

सहा महिन्यांनी वजन ७७.५. दुसरा स्कॅन परवा झाला: ५.४ केपीए, कॅप २५८. यावेळी उपाशीपोटी गेलो होतो. फॉर्मवर 'मद्यपान' असा रकाना होता, तिथे 'नाही' लिहून खाली दोन रेघा मारल्या.

तिसरा स्कॅन इतक्यात नाही. वर्षाने रक्त तपासून एफआयबी-४ घरीच काढीन. तो १.३ च्या वर गेला तरच पुन्हा साडेतीन हजार.