हेअर थिअरी: नऊ महिने वापरल्यानंतर

"थिअरीचे तास बुडवले तर चालतं का?" हेअरड्रेसिंगच्या कोर्सला नव्याने आलेल्या मुली हे हमखास विचारतात. मीही विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता चार-पाच तास बुडवलेही होते. आता सलोनमध्ये कामाला लागून नऊ महिने झालेत, म्हणून एकदाचं सविस्तर लिहून टाकते. हा रिव्ह्यू कोर्सच्या जाहिरातीत दिसणाऱ्या कात्री-कंगव्याचा नाही. जो भाग सगळ्यांना नकोसा असतो, त्या हेअर थिअरीचा आहे.

आधी माझ्या वहीची अवस्था सांगते, म्हणजे निम्मा रिव्ह्यू तिथेच होईल. रंगाच्या प्रकरणाची पानं डागांनी भरलीत, एका पानावर तर तपकिरी अंगठा स्पष्ट उमटलाय. केसाच्या रचनेच्या पानांचे कोपरे दुमडून दुमडून फाटले. कवटीच्या हाडांची आकृती मात्र पहिल्या दिवशी होती तशीच कोरी करकरीत आहे.

शिकवण्याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी आखडून सांगणार नाही. आमच्याकडे थिअरी म्हणजे डिक्टेशन. मॅडम सांगणार, आम्ही लिहिणार, परीक्षेत "व्याख्या लिहा" येणार. क्युटिकल, कॉर्टेक्स, मेड्युला ही केसाच्या थरांची तीन नावं, बाहेरून आत, मी महिनाभर पाढ्यासारखी म्हणत होते. क्युटिकल म्हणजे एकमेकांवर चढलेले खवले, हेही पाठ होतं. पण एक केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोटं ओढली की लागते ती खरखर म्हणजेच ते खवले, हे कुणी सांगितलं नाही. सलोनमधल्या सीनियर ताईंनी पहिल्याच आठवड्यात करून दाखवलं. अर्ध्या मिनिटाचं काम. वर्गात का नाही झालं, देव जाणे.

एक तास मात्र अपवाद होता, पीएचचा, म्हणजे पदार्थ किती आम्ल किंवा अल्क आहे ते मोजायच्या आकड्याचा. त्या दिवशी मॅडमनी टेबलावर चार वाट्या मांडल्या: अंगाच्या साबणाचा फेस, शाम्पू, कंडिशनर आणि केस कुरळे करायचं पर्मचं लोशन. प्रत्येकीत पीएचची कागदी पट्टी बुडवून रंग बघायचा. साबणाची पट्टी गडद निळसर हिरवी झाली, कंडिशनरची पिवळट नारिंगी. केस आणि टाळूच्या पृष्ठभागाचा पीएच साधारण 4.5 ते 5.5, म्हणजे आम्लाच्या बाजूला. मला वाटायचं, 5 आणि 9 यांत असून असून किती फरक असणार, जेमतेम दुप्पट? मॅडम म्हणाल्या, प्रत्येक आकड्याला दहा पट, म्हणजे 5 ते 9 दहा हजार पट. वर्ग एकदम गप्प झाला. अल्कधर्मी पदार्थाने केस फुगतो, खवले उघडतात आणि रंग आत शिरतो, हे त्यानंतर वेगळं पाठ करावंच लागलं नाही. रंग धुतल्यावर आम्लधर्मी कंडिशनर का लावायचा, हेही त्याच ओघात कळलं. सबंध कोर्स असा शिकवला असता तर हा रिव्ह्यू चार ओळींत संपला असता.

कामात रोज लागणारं दुसरं प्रकरण बंधांचं. केस केराटिन या प्रथिनाचा, आणि त्याला आकारात धरून ठेवणारे बंध तीन: हायड्रोजन, सॉल्ट आणि डायसल्फाइड. हायड्रोजन बंध नुसत्या पाण्याने सुटतात आणि वाळताना ज्या आकारात असतील त्यात परत जुळतात. ब्लो-ड्रायचा सगळा खेळ एवढाच. "ताई, इतकं छान सेट केलंत आणि बाहेर पडल्यावर तासाभरात फुगलं" अशी तक्रार आली की पूर्वी मी ओशाळायची. आता सांगते, हवेतल्या ओलाव्याने ते बंध पुन्हा सुटतात. केस पूर्ण कोरडा करून, जागीच थंड होऊ दिला तर जास्त टिकतो. डायसल्फाइड बंध पाण्याला बधत नाहीत, त्यांना थायोग्लायकोलेटसारखं रसायन लागतं. पर्म असो की रिबाँडिंग (केस कायमचे सरळ करणं), आधी ते बंध तोडायचे, केस हव्या त्या आकारात आणायचा आणि मग न्यूट्रलायझरने पुन्हा जोडायचे. न्यूट्रलायझरची वेळ घाईत कापली तर बंध अर्धवट राहतात. ही ओळ वहीत होती. पण गर्दीच्या दिवशी घड्याळाकडे बघून हात शिवशिवतात तेव्हा ती आठवायला हवी.

इतिहासाचं प्रकरण भराभर वाचून बाजूला ठेवलंत तरी बिघडत नाही. मला त्यातला एकच माणूस लक्षात राहिला, कार्ल नेस्लर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने उष्णतेने केस कायमचे कुरळे करायची पद्धत काढली. जड पितळी रोलर, अल्कधर्मी द्रावण, साधारण सहा तासांची बैठक. पहिले प्रयोग बायकोच्या डोक्यावर, आणि त्यात तिचे केस जळले. उष्णतेशिवायचा कोल्ड वेव्ह 1938 मध्ये आला. नेस्लरच्या बायकोने नवऱ्याला पुढच्या प्रयोगासाठी पुन्हा डोकं कसं दिलं असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आता माझी फजिती. तिसऱ्या महिन्यात एक क्लायंट आल्या, कधीच रंग न लावलेले गडद तपकिरी केस. त्यांना सगळ्या केसांना दोन लेव्हल (गडद-फिकटपणाच्या पायऱ्या) फिकट, उबदार तपकिरी हवा होता. तोवर मी ढीगभर रूट टच-अप (फक्त नव्याने वाढलेली मुळं रंगवणं) केले होते, त्यामुळे हात आपोआप मुळांवर गेला. मुळं, मग मधला भाग, मग टोकं, शिस्तीत. वीस मिनिटांनी सेक्शन उघडून बघते तर टाळूलगतचे दोन बोटं केस तांबूस नारिंगी चमकताहेत आणि खाली केस अजून हललेलेच नाहीत. आरशात क्लायंटना दिसू नये म्हणून मी खुर्ची जराशी वळवली, आणि तेवढ्यानेच त्यांना संशय आला.

टाळूच्या उबेने मुळाशी रसायन जोरात चालतं. म्हणून कोऱ्या केसांना उजळ करताना आधी मधला भाग आणि टोकं घ्यायची, मुळं शेवटी. हे वहीत होतं. लाल पेनाने अधोरेखित होतं. परीक्षेत त्याच प्रश्नाला मला पूर्ण गुण होते! सीनियर ताईंनी मुळांवर एक लेव्हल गडद, निळ्या छटेचा अॅश रंग घेऊन नारिंगी मारला, आणि उरलेली लांबी मी त्यांच्या नजरेखाली पुन्हा केली. नारिंगीला निळा, पिवळ्याला जांभळा, लालला हिरवा: रंगचक्र मी चित्रकलेसारखं रंगवलं होतं, ते त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आलं. क्लायंट पुन्हा आल्या का? आल्या. पण माझ्याकडे नाही.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. रंगाचं काम असलं की आदल्या दिवशी वहीतलं तेवढंच पान वाचायचं. पाच मिनिटं लागतात. डेव्हलपरची, म्हणजे रंगात मिसळायच्या हायड्रोजन पेरॉक्साइडची, टक्केवारी आता तोंडपाठ झाली: 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9, 40 म्हणजे 12. मध्यंतरी ऐन कामात 20 व्हॉल्यूमची बाटली संपली. पूर्वी मी हातपाय गाळले असते. आता त्याच कंपनीचे 10 आणि 30 काट्यावर सारख्या वजनाने घेतले आणि 6 टक्के तयार केलं. शाळेतलं गणित इतक्या उपयोगाचं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

थिअरीने खरोखर वाचवलं तो प्रसंग वेगळाच. रिबाँडिंग केलेले, वर काळा रंग चढवलेले केस, आणि मागणी ब्लीच करून हायलाइट्सची. रंगाने आधीचा रंग फिकट होत नाही हा पहिला नियम, म्हणजे ब्लीचशिवाय मार्ग नव्हता. मी एक केस घेतला, ओला केला आणि दोन चिमटींत धरून हळू ताणला. चांगला ओला केस जवळपास निम्म्या लांबीने ताणला जातो आणि सोडला की परत येतो. हा च्युइंगगमसारखा लांबत गेला, परत आलाच नाही, आणि तुटला. दुसरा घेतला, तोही तसाच. मी नाही म्हटलं. त्या चिडल्या, दुसरीकडे करून घेते म्हणाल्या. तेव्हा त्यांच्याच हातात केस देऊन ताणायला लावला. दोन केस तुटल्यावर त्या ट्रिम आणि ट्रीटमेंटवर तयार झाल्या.

पॅच टेस्टवरून मात्र रोज वाद होतात. "मी पाच वर्षं हाच रंग लावते" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता ते सुरू झालं की मी शेवटचा शब्द मनात पुरा करते. रंगातल्या पीपीडी या रसायनाची अॅलर्जी पाच वर्षांनीही उपटू शकते, म्हणून 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघायचा. मी ऐकत नाही, काहीजणी निघून जातात. यावर आमच्या सलोनमध्येही एकमत नाही, पण माझ्या खुर्चीपुरता नियम पक्का.

कटिंगच्या थिअरीबद्दल माझं मत दोनदा बदललं. वर्गात केस किती उचलून कापायचा त्या 0, 45, 90, 180 अंशांच्या आकृत्या काढताना वाटलं, हे भूमितीचं काय खूळ. डमीवर काम सुरू झाल्यावर तर ती आकृती बघून काहीच जमेना, हात बसेपर्यंत ती निरुपयोगीच होती. मग सातव्या महिन्यात एक सरळ वन-लेंग्थ कट (सगळे केस खाली एकाच रेषेत) केला आणि खालची रेघ आत वळल्यासारखी, किंचित थर पडलेली आली. दोनदा नीट केली, तरी तेच. घरी येऊन वही उघडली. केस कंगव्याने जरा जरी वर उचलून धरला, किंवा क्लायंटचं डोकं पुढे झुकलेलं असलं, तर 0 अंश राहतच नाही, थर पडतात. मी सवयीने बोटं मानेपासून सुटी धरत होते. आकृतीने तेव्हा चूक दाखवली, पण हात आधी चुकला म्हणूनच ती दिसली. ओल्या कुरळ्या केसांना ताण देऊन कापू नका हे वाक्यही मला असंच, दोन बोटं जास्त कापून झाल्यावर उमगलं.

काय नाही मिळालं? बोलणं. केस गळतात म्हणून घाबरून आलेल्या बाईशी काय बोलायचं, याचं एक पानही नव्हतं. केस किती वाढतो (महिन्याला साधारण एक सेंटिमीटरच्या वर), वाढीची अवस्था काही वर्षं, मधला टप्पा दोन-तीन आठवडे, विश्रांतीचा तीनेक महिने, हे सगळं शिकवलं. त्यावरून मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस का गळू लागतात, हे मी स्वतः जोडलं. रोज पन्नास ते शंभर केस पडणं नेहमीचं आहे हे सांगितलं तरी समोरच्या बाईचे खांदे सैल होतात. पण टाळूवर गोल चट्टा दिसला किंवा लाल खवले दिसले की मी कात्रीला हात लावत नाही, डॉक्टरांकडे पाठवते. ते कसं सांगायचं, आवाज कसा ठेवायचा, म्हणजे शेजारच्या खुर्चीला ऐकू जाणार नाही, हे मी ताईंना ऐकून ऐकून शिकले.

तर तास बुडवू नका, पण वहीवरही विसंबू नका. प्रत्येक प्रकरणाला एक केस, एक पट्टी, एक डमी असं काहीतरी हातात घेऊन बसा. मॅडम देत नसतील तर घरच्या कंगव्यातले गळलेले केस गोळा करा, मी तेच करते. ते ओले करते, ताणते, साबणात आणि कंडिशनरमध्ये बुडवून ठेवते. घरचे विचारतात, बशीत हे काय भिजत घातलंय. कवटीच्या हाडांचं पान अजून कोरंच आहे. पण पुढच्या महिन्यात हेड मसाजची परीक्षा आहे, तेव्हा बहुतेक त्यालाही डाग पडतील.